नगर, परगणे आणि पाठशाळा : बंगळूरच्या बहुभाषिक इतिहासातील मराठी

१.

भारतीय साहित्याचे इतिहास बहुधा भाषावार लिहिले गेले आहेत. मराठी वाङ्मयाचा इतिहास, कन्नड साहित्याचा इतिहास, तेलुगू साहित्याचा इतिहास अशी त्यांची मांडणी असते. एका भाषेचा प्रवाह उगमापासून वर्तमानापर्यंत अखंड दाखविणे या मांडणीत सोयीचे होते. परंतु एकाच गावात, एकाच काळी, एकाच आश्रयदात्यासमोर अनेक भाषांत निर्माण झालेल्या साहित्याला तिच्यात जागा सापडत नाही. असे साहित्य तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या इतिहासांत विभागले जाते, किंवा प्रत्येक इतिहासाच्या परिशिष्टात ढकलले जाते. तौलनिक साहित्याभ्यासाला ही अडचण नवी नाही. मात्र तिचे मूळ केवळ इतिहासलेखनाच्या पद्धतीत नसून ज्या शिक्षणव्यवस्थेतून ही पद्धती आली त्या व्यवस्थेतही आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

बंगळूर नगर आणि त्याभोवतीचे परगणे या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतात. २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव बेंगळुरू असे आहे. सतराव्या शतकात सुमारे पन्नास वर्षे हे नगर भोसले घराण्याच्या जहागिरीचे केंद्र होते. त्या काळातील दरबाराचे चित्र संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी आदी भाषांच्या एकत्र वावरातून उभे राहिले. पुढे दोन शतकांनी याच प्रदेशात आधुनिक शाळांचे जाळे विणले गेले आणि प्रत्येक भाषेची जागा नव्याने ठरली. या दोन अवस्थांच्या दरम्यान मराठीचे काय झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. मराठीच्या गतवैभवाची नोंद करणे हा त्याचा हेतू नाही. भाषा एखाद्या नगरात कोणत्या कामाच्या आधारे टिकते आणि कोणत्या व्यवस्थेमुळे घरापुरती उरते, हा प्रश्न त्यात अभिप्रेत आहे.

२.

बंगळूरचे स्थान आधी भूगोलाच्या अंगाने पाहावे लागते. हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर, उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका कण्यावर वसले आहे. कण्याच्या पश्चिमेचे पाणी वृषभावती आणि अर्कावती यांच्यावाटे कावेरीकडे जाते, तर पूर्वेचे पाणी दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरते. नगराला स्वतःची मोठी नदी नाही. उत्तरेला सुमारे साठ किलोमीटरवर १,४७८ मीटर उंचीचा नंदी डोंगर आहे. त्याच्या परिसरातून अर्कावती आणि दोन्ही पिनाकिनी उगम पावतात, परंतु नगरापर्यंत यांपैकी एकही नदी भरल्या पात्राने येत नाही.

नदी नसल्यामुळे वस्तीचा आधार तलाव, म्हणजे कानडीतील ‘केरे’, हाच झाला. १५३७ मध्ये यलहंकेचे नाडप्रभू पहिले केंपेगौडा यांनी मातीचा कोट आणि बाजारपेठ वसविली. त्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या काळात उताराच्या कडेने बांध घालून धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी यांसारखे तलाव तयार झाले. नगराची वाढ पुढे चारशे वर्षे या तलावांनीच मर्यादित केली. हेसरघट्टा येथून अर्कावतीचे पाणी १८९६ मध्ये आले, तिप्पगोंडनहळ्ळीचे १९३३ मध्ये आणि कावेरीचे १९७४ मध्ये. त्यानंतर जुन्या तलावांची गरज संपली. धर्मांबुधीच्या पात्रात आज मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण.

कोटाच्या आतील वस्तीला ‘पेटे’ म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. पुण्याच्या कित्येक पेठा वारांच्या नावांनी ओळखल्या जातात, तर बंगळूरच्या पेटांना धंद्यांची नावे आहेत. अक्कीपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंभारपेटे कुंभारांची आणि गाणिगरपेटे तेल्यांची. धंद्याबरोबर जात आणि जातीबरोबर घरची बोली येत असल्याने पेटांची रचना ही भाषांचीही रचना होती. देवांग, पट्टेगार आणि खत्री विणकर, तेलुगू बोलणारे व्यापारी, मराठी बोलणारे भावसार रंगारी व शिंपी हे एकमेकांच्या शेजारी राहत आणि बाजारात कानडीने व्यवहार करीत. म्हैसूरकडून अर्काट-वेल्लोरकडे आणि शिऱ्याकडून दक्षिणेकडे जाणारे रस्ते येथे मिळत असल्याने ही सरमिसळ पिढ्यान्पिढ्या वाढत राहिली.

३.

विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने १६३८ च्या अखेरीस बंगळूर जिंकले. तिसरे केंपेगौडा मागडीला गेले आणि नगर शहाजीराजे भोसले यांच्याकडे आले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोडबाळापूर आणि शिरे हे परगणे त्यांच्या अमलाखाली होते. विजापूरच्या दप्तरात घाटमाथ्यावरील या मुलखाला ‘कर्नाटक विजापूर बालाघाट’ असे नाव होते. आजच्या बंगळूर, चिक्कबळ्ळापूर, कोलार आणि तुमकूर या जिल्ह्यांचा बराच भाग त्यात येतो. नगर आणि भोवतालचा मुलूख यांचा जो संबंध पुढे जिल्हा-तालुक्यांच्या रचनेत दिसतो, त्याची पूर्वरचना या परगण्यांत आहे.

मराठीचा या प्रदेशातील खरा प्रवेश सैन्यापेक्षा दप्तराच्या मार्गाने झाला. परगण्यांची व्यवस्था लावताना देशमुख, देशकुलकर्णी, कानूनगो अशी पदे आली आणि त्यांच्याबरोबर दख्खनी पद्धतीची हिशेबाची लिखापढी आली. गावपातळीवर मात्र शानभोग, म्हणजे कानडी मुलखातील कुलकर्णी, आपले हिशेब कानडीतच ठेवत राहिला. तो चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळ्या केलेल्या, घड्यांच्या कापडी ‘कडता’वर बळपाने लिहीत असे. परगण्याच्या कचेरीत मराठी, गावात कानडी आणि विजापूरशी पत्रव्यवहारात फारसी असे तीन थर एकमेकांवर बसले. एका माणसाला यांपैकी दोन थरांत तरी काम करावे लागे. द्वैभाषिकता ही त्या काळी विद्वत्तेची बाब नव्हती, नोकरीची अट होती.

या जहागिरीचे राजकीय मोल १६४८-४९ च्या प्रसंगावरून लक्षात येते. जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी जे द्यावे लागले त्यात एकीकडे शिवाजीराजांच्या ताब्यातील कोंढाणा होता आणि दुसरीकडे थोरले बंधू संभाजीराजांच्या ताब्यातील बंगळूर. सह्याद्रीतील दुर्गाच्या जोडीला पठारावरील हे नगर एकाच तहात यावे, यावरून भोसले घराण्याचा भूगोल त्या वेळी केवढा विस्तृत होता हे कळते. शिवाजीराजे स्वतः १६४० ते १६४२ च्या सुमारास बंगळुरात होते. तेथून पुण्याकडे त्यांची रवानगी झाल्याचे वर्णन परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. त्या काव्यात नगराचे नाव ‘बिंगरूळ’ असे येते.

शहाजीराजांचा मृत्यू २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे झाला. त्यानंतर बंगळूर एकोजीराजांकडे आले. मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर देवस्थानाला त्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. आज ज्या भागाला बंगळूरचे जुने उपनगर म्हणतात तो त्या वेळी मल्लापूर नावाचे खेडे होता. या शिलालेखाचे महत्त्व असे की त्यात भोसले सत्ता स्थानिक देवस्थानाच्या दानपरंपरेत स्वतःला बसवून घेताना दिसते. देव, गाव आणि दानाची रीत स्थानिकच राहते, फक्त दाता बदलतो.

४.

या काळाचा वाङ्मयीन पुरावा म्हणजे जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’. वि. का. राजवाडे यांनी प्रदीर्घ प्रस्तावनेसह ते १९२२ मध्ये प्रकाशित केले आणि तेव्हापासून मराठ्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून त्याचा उपयोग होत आला. शहाजीराजांच्या व्यक्तित्वाची, त्यांच्या पदरच्या माणसांची माहिती त्यातून काढण्यात आली. मात्र साहित्यकृती म्हणून त्याची रचना काय सांगते, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

चंपू म्हणजे गद्यपद्यमिश्र संस्कृत काव्य. या काव्याचा आरंभ राधा-माधवाच्या विलासाने होतो आणि पुढे त्याच्या केंद्रस्थानी शहाजीराजे व त्यांची सभा येते. अकरावा उल्लास वेगळा आहे. त्यात दरबारातील कवींची निरनिराळ्या देशभाषांतील रचना एकत्र केली आहे. जयराम नाशिक भागातून दक्षिणेत आला. त्याने शहाजीराजांसमोर बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत काव्य करतो असे त्यातून सुचविले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यात अतिशयोक्ती असेल असे मानले तरी प्रसंगाचा अर्थ बदलत नाही. जो आश्रयदाता बारा भाषांच्या दाव्याने प्रसन्न होईल अशी कवीची अपेक्षा होती, त्याची सभा कशी असावी हे या नारळांवरून कळते.

तौलनिक दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, या बहुभाषिकतेत श्रेणी आहे. संस्कृत ही चौकट आहे आणि देशभाषा त्या चौकटीच्या अखेरीस येतात. सर्व भाषा समान होत्या असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. दुसरी, ही श्रेणी असूनही कोणतीही भाषा सभेबाहेर नाही. प्रत्येक भाषेला एक काम आहे. एखादी भाषा शौर्यवर्णनासाठी, एखादी विनोदासाठी, एखादी समस्यापूर्तीसाठी वापरली जाते. श्रोत्याला सर्व भाषा सारख्या कळत असतील असे नाही. परंतु एका सभेत अनेक भाषा ऐकणे ही त्या सभेची रीत आहे.

अर्थात हे चित्र दरबाराचे आहे. पेटेतील विणकराला किंवा होसकोट्याच्या रयतेला या सभेत प्रवेश नव्हता. त्यांच्या भाषा काव्यात आल्या तरी ते स्वतः आले नाहीत. दरबारी बहुभाषिकतेचे कौतुक करताना हा भेद विसरला, तर पुढील शतकांत शाळांनी काय बदलले ते नीट समजत नाही.

५.

एकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसले घराण्याच्या या शाखेचे केंद्र कावेरीच्या मुखाकडे सरकले. १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी कोलार, होसकोटे, शिरे इत्यादी भाग आपल्या ताब्यात आणला. नंतरच्या तहात बंगळूर आणि लगतचे परगणे एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले. बंगळूर दूरच्या तंजावराहून राखणे अवघड झाले, तेव्हा ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाख रुपयांस विकण्याची बोलणी एकोजीराजांनी सुरू केली. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने नगर घेतले आणि थोड्याच काळात ते वडेयरांच्या हाती गेले. मोगलांनी आपल्या सुभ्याचे ठाणे शिऱ्यास ठेवले. अशा रीतीने एकेकाळी एका अमलाखाली असलेले परगणे आणि नगर वेगळे झाले.

बंगळूरच्या सभेची रीत तंजावरास चालू राहिली, हे मात्र निश्चितपणे दाखविता येते. एकोजींचे पुत्र शहाजी यांच्या नावावर असलेल्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात संस्कृत, मराठी, हिंदी, तेलुगू आणि तमिळ या भाषा बोलणारी पात्रे एकत्र येतात. तेथे भाषा पात्रांच्या तोंडी गेल्या, म्हणजे जयरामाच्या चंपूत कवींमध्ये वाटलेले काम नाटकात पात्रांमध्ये वाटले गेले. मराठी नाट्येतिहासात तंजावरी नाटकांना आरंभबिंदू म्हणून मान मिळतो, तर तेलुगू इतिहासात त्याच दरबाराला दाक्षिणात्य युगात स्थान आहे. बंगळूर ते तंजावर हा मार्ग मात्र यांपैकी एकाही इतिहासात एकसलग दिसत नाही, कारण तो कोणत्याही एका भाषेचा मार्ग नव्हता.

बंगळूरकडील दप्तरातून मराठी लगेच हद्दपार झाली नाही. अठराव्या शतकात शिरे, होसकोटे, दोडबाळापूर आणि कोलार हे भाग पेशवे आणि म्हैसूर यांच्यात वारंवार हात बदलत होते. म्हैसूर राज्याचे हिशेब हैदरअलीच्या काळात कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. टिपू सुलतानाने महसुली दप्तरासाठी फारसीचा आग्रह धरला. १७९९ नंतर दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात जुन्या पद्धती परतल्या. पण दप्तरापुरत्या उरलेल्या भाषेचे आयुष्य दप्तराच्या नियमांवर अवलंबून असते, हे टिपूच्या एका हुकमाने दाखवून दिले होते. गावाच्या भाषेला असा धोका नसतो. मराठीचे बंगळूर प्रदेशातील बळ आणि तिची दुर्बलता दोन्ही एकाच गोष्टीत होती.

६.

एकोणिसाव्या शतकात नगराचे रूप पालटले. १८०९ मध्ये इंग्रज लष्कराची छावणी जुन्या पेटेच्या ईशान्येस वसली. १८३१ मध्ये कंपनी सरकारने म्हैसूरचा कारभार हाती घेतला आणि राज्याचे मुख्य ठाणे बंगळुरास आले. १८६४ मध्ये मद्रासच्या मार्गावरील रेल्वे सुरू झाली. १८६८ मध्ये बांधून पुरी झालेली सचिवालयाची लाल इमारत ‘अठारा कचेरी’ म्हणून ओळखली जाऊ लागली, कारण राज्यकारभाराची अठरा खाती तेथे होती. कारभाराची अंतिम भाषा इंग्रजी झाली तरी लोकांनी नव्या इमारतीला दिलेले नाव दख्खनी कारभाराच्या जुन्या शब्दकोशातील होते.

१८७१ च्या खानेसुमारीत पेटे आणि छावणी मिळून लोकसंख्या १,४२,५१३ होती. १९०१ मध्ये ती १,५९,०४६ झाली. यांत छावणीचा वाटा पेटेपेक्षा मोठा होता. १९४९ पर्यंत या दोन भागांच्या नगरपालिका वेगळ्या होत्या आणि त्यांच्या भाषाही. पेटेत कानडी, तेलुगू, मराठी. छावणीत तमिळ, उर्दू, इंग्रजी. शाळांची वाटणी याच रेषेवर झाली. छावणीच्या बाजूस बिशप कॉटन (१८६५), बाल्डविन (१८८०), सेंट जोसेफ्स (१८८२) या इंग्रजी माध्यमाच्या संस्था उभ्या राहिल्या. पेटेच्या बाजूस १८५८ मध्ये बंगळूर हायस्कूल निघाले. १८७५ मध्ये त्याचे सेंट्रल कॉलेज झाले आणि ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते.

परगण्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना १८६८ ची आहे. शिक्षणखात्याचे बी. लुईस राइस यांनी प्रत्येक होबळीत, म्हणजे तालुक्याच्या पोटविभागात, एक सरकारी शाळा काढण्याची योजना आखली. त्यापूर्वी गावोगाव ‘कूलिमठ’ होते. पालकांनी दिलेल्या मोबदल्यावर चालणारी ही शाळा मंदिराच्या ओसरीवर किंवा गुरुजींच्या घरी भरत असे. मुले वाळूत अक्षरे गिरवीत, पाढे पाठ करीत, कडतावर हिशेब लिहायला शिकत. ज्याला शानभोगी करायची त्याने कारभाराचे अधिक धडे घ्यायचे, ज्याला दुकान चालवायचे त्याने व्यापाराचे. दुसरी भाषा लागली तर ती घरच्या वडीलधाऱ्यांकडून किंवा कचेरीतील उमेदवारीत मिळे. मोडी शिकण्याची जागाही बहुधा तीच होती. राइस यांच्या योजनेने जमीनमहसुलावरील शिक्षणपट्टीतून पैसा उभा केला, जुन्या पंतोजींतून शिक्षक निवडले, त्यांना प्रशिक्षण दिले आणि ठरावीक क्रमिक पुस्तके आणली.

या योजनेत भाषेविषयी एक नवे गृहीतक होते. प्रदेशाला एक भाषा असते, त्या भाषेत शाळा चालते आणि विद्यार्थ्याची नोंद त्या माध्यमाखाली होते. जुन्या व्यवस्थेत भाषा कामानुसार वाटल्या जात. एक माणूस हिशेब एका भाषेत, पूजा दुसरीत आणि बाजार तिसरीत करी. नव्या व्यवस्थेत भाषा माणसांनुसार वाटल्या गेल्या. प्रत्येक मुलाला एक भाषा आणि वर इंग्रजी. खानेसुमारीच्या तक्त्यांनी हीच विभागणी पक्की केली.

या बदलात मराठीचे स्थान सर्वांत अस्थिर होते. तिचा आधार परगण्याचे दप्तर हा होता आणि ते दप्तर आता कानडी व इंग्रजीत गेले होते. कूलिमठ आणि कचेरीतील उमेदवारी हे तिच्या शिक्षणाचे मार्ग होते, ते बंद होत गेले. ज्यांच्या घरी मराठी होती ती देशस्थ, मराठा, भावसार कुटुंबे पेटेत आणि तालुक्यांच्या गावांत विखुरलेली होती. ‘प्रदेशाची भाषा’ या कसोटीवर मराठी कोठेच बसत नव्हती. परिणामी ती घरात बोलली जाणारी पण शाळेत न शिकलेली भाषा झाली. लेखन कानडीत आणि बोलणे मराठीत ही अनेक कुटुंबांची रीत बनली.

परंतु या घटनेचे वर्णन केवळ हानी म्हणून करणे अन्यायाचे होईल. जयरामाच्या सभेत ज्या रयतेला जागा नव्हती, तिची मुले होबळीच्या शाळेत प्रथमच सरकारी खर्चाने अक्षरओळख करून घेऊ लागली. मराठी हे या मुलखात कारभाऱ्यांचे साधन होते. कानडी शाळेने ते मक्तेदारीचे साधन उरू दिले नाही. शिवाय ज्यांच्या घरी कानडी नव्हती अशांनाही या शाळेने कानडी दिली. कोलार भागातील मालूर तालुक्यात जन्मलेले आणि घरी तमिळ बोलणारे मास्ती वेंकटेश अय्यंगार हे आधुनिक कन्नड कथेचे एक प्रवर्तक झाले आणि १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. उत्तरेकडे धारवाडात घरी मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी ठरले. बहुभाषिकता नष्ट झाली नाही; ती ग्रंथांतून लेखकांच्या घरात गेली. कन्नड साहित्येतिहास या लेखकांना योग्य तो मान देतो, त्यांच्या घरच्या भाषेचा उल्लेख मात्र बहुधा चरित्रात्मक तपशील म्हणून येतो.

७.

शाळांनी परगण्यांतील माणसांना नगरात आणले आणि नगरातून पुढे धाडले. या मार्गाचे एक ठळक उदाहरण मो. विश्वेश्वरय्या यांचे आहे. नंदी डोंगराच्या पायथ्याशी मुद्देनहळ्ळीत, तेलुगू बोलणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये ते पदवीधर झाले. तेथून म्हैसूर सरकारच्या साहाय्याने ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी काम केले. अडीचशे वर्षांपूर्वी पुणे-नाशिककडील माणसे ज्या वाटेने बंगळुरास आली, त्याच वाटेने पदवी घेऊन एक विद्यार्थी उलट दिशेने गेला. दिवाण म्हणून परतल्यावर त्यांच्या कारकीर्दीत (१९१२-१९१८) बंगळुरात कन्नड साहित्य परिषद (१९१५) आणि म्हैसुरात म्हैसूर विद्यापीठ (१९१६) या संस्था स्थापन झाल्या. एका तेलुगू घरातील, पुण्यात शिकलेल्या दिवाणाच्या काळात कन्नडला तिची मध्यवर्ती संस्था मिळाली.

तंजावरी मराठीही याच काळात बंगळुरास परतली, पण दरबाराची नव्हे तर प्रशासनातील सुशिक्षितांची भाषा म्हणून. कुंभकोणमचे व्ही. पी. माधवराव म्हैसूरच्या सेवेत शिक्षक म्हणून दाखल झाले, १८९८ च्या प्लेगच्या साथीत त्यांनी महत्त्वाची जबाबदारी पार पाडली आणि १९०६ ते १९०९ या काळात ते दिवाण होते. प्लेगने पेटेची दाटी उघडी पाडली. १८९२ मध्ये आखलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वस्त्या त्यानंतर वेगाने भरल्या. ज्या मल्लापूरच्या देवाला एकोजीराजांनी गाव दिले होते तेथे आता नोकरदारांची घरे आणि शाळा आल्या.

मल्लेश्वरमच्या उत्तरेस, म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर, जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये विज्ञानसंस्था स्थापन झाली. तिने महाराष्ट्राशी तिसरा संबंध जोडला. मुंबईच्या भागवत कुटुंबातील दोन बंधू या संस्थेत शिकले. १९३३ मध्ये त्याच घरातील कमला भागवत प्रवेशासाठी आल्या. स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेल्यावर त्यांनी तेथेच ठाण मांडून सत्याग्रह केला, चंद्रशेखर वेंकट रामन यांना निर्णय बदलावा लागला आणि त्या पदवी घेऊन केंब्रिजला गेल्या. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या विख्यात झाल्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. या संस्थेची भाषा इंग्रजी होती. मराठी येथे येणाऱ्यांच्या सामानाबरोबर आली आणि वसतिगृहात, घरात राहिली. सतराव्या शतकातील दप्तराची भाषा, एकोणिसाव्या शतकातील घरची बोली आणि विसाव्या शतकातील स्थलांतरित शिक्षितांची भाषा अशा मराठीच्या तीन अवस्था एका नगरात जवळजवळ एकमेकींना अनोळखी राहिल्या.

नगर त्यानंतर ओळखता न येण्याइतके वाढले. १९५१ मध्ये सुमारे ७.७९ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८४ लाखांवर गेली. १९८६ मध्ये बंगळूर ग्रामीण जिल्हा वेगळा झाला. २००७ मध्ये त्यातून रामनगर आणि कोलारमधून चिक्कबळ्ळापूर हे जिल्हे निघाले. होसकोटे आणि दोडबाळापूर ही परगण्यांची ठाणी आता महानगराच्या कडेच्या औद्योगिक वस्त्या आहेत.

८.

भाषिक अस्मितेच्या आजच्या वातावरणात शहाजीराजांचे बंगळूर हा वादाचा विषय सहज होऊ शकतो. एका बाजूने ते मराठीच्या हक्काचे प्रमाण म्हणून पुढे केले जाते, दुसऱ्या बाजूने परकी सत्तेचा अल्पकालीन प्रसंग म्हणून बाजूला ठेवले जाते. दोन्ही भूमिकांत एक समान गृहीतक आहे. नगराला एकच भाषा असते आणि इतर भाषा तेथे पाहुण्या असतात, हे ते गृहीतक होय. वर दाखविल्याप्रमाणे ते सतराव्या शतकाचे नाही. होबळी शाळा, खानेसुमारी आणि क्रमिक पुस्तक यांतून ते रुजले आणि भाषावार साहित्येतिहासाने ते पुढे नेले.

‘राधामाधवविलासचंपू’चा अकरावा उल्लास कोणत्या साहित्याचा, या प्रश्नाला म्हणून भाषेचे नाव हे उत्तर पुरत नाही. त्यातील कानडी रचना कन्नडच्या इतिहासात, मराठी रचना मराठीच्या आणि संस्कृत चौकट संस्कृतच्या इतिहासात ठेवली की तीन अपुरे तुकडे हाती राहतात. तो उल्लास बंगळूरच्या साहित्याचा आहे असे म्हटले, तर मात्र त्याचा पेटेच्या रचनेशी, परगण्यांच्या दप्तराशी, तंजावरच्या पंचभाषिक नाटकाशी आणि विसाव्या शतकातील मास्तींच्या कथेशीही संबंध तपासता येतो. स्थळ हे एकक मानून साहित्येतिहास लिहिण्याचा हा मार्ग कष्टाचा आहे. त्यासाठी संस्कृत, कानडी, मराठी, तेलुगू आणि फारसी जाणणारे अभ्यासक एकत्र बसावे लागतील, आणि मोडी व कडत वाचणारेही. आजच्या विद्यापीठीय रचनेत हे विभाग वेगवेगळ्या इमारतींत आहेत. जयरामाने बारा नारळ एकाच सभेत ठेवले होते. ते पुन्हा एकत्र मांडायचे तर आधी त्या सभेसारखी एखादी जागा विद्यापीठांना निर्माण करावी लागेल.